गाडी सोसायटीत, मालक कागदावर

पिंपरी-चिंचवडमधली एक सहकारी गृहनिर्माण संस्था. इमारतीच्या मागे उघड्यावर पार्किंगची रांग, आणि रांगेतल्या शेवटच्या जागेवर एमएच-०४ पासिंगची एक जुनी छोटी गाडी. चारही टायर बसलेले, वायपरच्या खाचेत उगवलेलं पिंपळाचं रोप, मागच्या काचेला तडा, सीटवर उन्हाने पिवळी पडलेली वर्तमानपत्रं. सलग तिसऱ्या पावसाळ्यात महापालिकेचे डास तपासणारे कर्मचारी आले. सुटलेल्या बंपरमध्ये साचलेल्या पाण्यात त्यांना अळ्या सापडल्या आणि नोटीस संस्थेच्या नावाने निघाली. तोवर ‘असेल कोणाची तरी’ म्हणून सोडून देणाऱ्या कमिटीने मग विषय बैठकीत घेतला.

हे प्रकरण कोणा एका सोसायटीचं नाही. पुणे-ठाणे पट्ट्यात अशा गाड्यांवरून जे पुन्हा पुन्हा घडतं, ते इथे एका प्रसंगात बांधलं आहे. कायदा मात्र जसा आहे तसाच दिला आहे.

पहिल्या बैठकीत सगळ्यात आधी जे सुचलं ते सगळीकडेच सुचतं. रात्री चार जणांनी मिळून गाडी गेटबाहेर ढकलायची. रस्त्यावर गेली की ती ट्रॅफिकवाल्यांची डोकेदुखी, आपली नाही. प्रत्यक्षात ढकलणाऱ्यांच्या हातून सार्वजनिक रस्त्यात अडथळा निर्माण होतो, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ नेमकं त्यासाठीच आहे. विमा संपलेली, ब्रेक गंजलेली गाडी उतारावर घरंगळली किंवा रात्री एखादा दुचाकीस्वार तिच्यावर आदळला, तर ‘ती आमची नव्हतीच’ हे उत्तर पुरत नाही. पोलिस आधी सोसायटीच्याच कॅमेऱ्यांचं फुटेज मागतात, आणि त्यात ढकलणारे चेहरे कमिटीचेच असतात.

दुसरी सूचना भंगाराची. कोपऱ्यावरचा भंगारवाला रोख पैसे मोजायला तयार होता, वर ‘आरसी नसली तरी चालेल’ असंही म्हणाला. ही सवलत ऐकूनच सावध व्हायला हवं. दुसऱ्याची जंगम वस्तू अप्रामाणिकपणे आपली म्हणून वापरणं किंवा विकणं हा न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा आहे. सापडलेल्या वस्तूबद्दल या कलमाचं स्पष्टीकरण मुळातून वाचावं असं आहे. कोणाच्या ताब्यात नसलेली वस्तू मालकासाठी जपून ठेवली, तर गुन्हा होत नाही. पण मालक माहीत असताना, किंवा त्याला शोधण्याचं साधन हाताशी असताना, किंवा वाजवी शोध घेऊन, त्याला कळवून, पुरेसा काळ थांबण्याआधीच ती वस्तू स्वतःची केली, तर होतो. गाडीला मालक शोधण्याचं साधन पुढे आणि मागे, दोन्हीकडे ठोकलेलं असतं. ‘बेवारस होती हो’ हा बचाव नंबरप्लेटच्या शेजारी उभं राहून करता येत नाही.

शिवाय भंगारात गेलेल्या गाडीचा नंबर मरत नाही. ‘वाहन’ या सरकारी नोंदणी प्रणालीत ती नोंद जिवंतच राहते, आणि तोच नंबर, तोच चॅसी क्रमांक उद्या दुसऱ्या कुठल्या, कदाचित चोरीच्या, गाडीवर दिसू शकतो. मग तपास उलट्या दिशेने सोसायटीपर्यंत येतो.

कमिटीत एक निवृत्त बँक अधिकारी होते. त्यांनी भारतीय करार अधिनियम, १८७२ काढला. कलम ७१ प्रमाणे सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. कलम १६८ प्रमाणे खर्चाची भरपाई मिळेपर्यंत ती वस्तू अडवून धरता येते. आणि कलम १६९ प्रमाणे, बाजारात सहज विकली जाणारी वस्तू असेल आणि मालक वाजवी प्रयत्न करूनही सापडत नसेल किंवा मागणी करूनही खर्च देत नसेल, तर दोन परिस्थितींत ती विकताही येते: वस्तू नासत चालली असेल किंवा तिची बहुतांश किंमत जाण्याच्या बेतात असेल, नाहीतर सापडणाऱ्याचा कायदेशीर खर्च तिच्या किमतीच्या दोन-तृतीयांशावर गेला असेल. बैठकीत क्षणभर सगळ्यांना वाटलं, मार्ग सापडला.

मला हा मार्ग या प्रकरणात कच्चा वाटतो. ही गाडी कोणाला ‘सापडलेली’ नव्हती. ती गेटमधून रीतसर आली होती आणि वॉचमनच्या रजिस्टरात तिची नोंद होती. मालकाचा शोध तर अजून सुरूही झाला नव्हता. पार्किंगचं भाडं हा ‘वस्तू जपण्याचा आणि मालक शोधण्याचा खर्च’ आहे, हे दाखवणंही जड जातं. यातूनही विक्री झालीच, तरी घेणाऱ्याच्या हातात गाडी येते, नोंदणी येत नाही. आरटीओला कलम १६९ दाखवून आरसी रद्द करून मिळत नाही.

मग सचिव पोलिस ठाण्यात गेले. अर्ज दिला, पोच घेतली. हे फार जण करत नाहीत, आणि नंतर सगळ्यात उपयोगी तोच शिक्का पडतो. हवालदार येऊन गाडी पाहून गेले, नंबर टाकून पाहिला, चोरीची नोंद नव्हती. त्यांचं म्हणणं सरळ होतं: “गाडी रस्त्यावर असती तर उचलली असती. ही तुमच्या कंपाउंडमध्ये आहे.”

सोसायट्यांना हे टाळाटाळीसारखं वाटतं, पण हवालदाराचं बोलणं कायद्याला धरून होतं. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२७ खाली दहा तास किंवा जास्त काळ सोडून दिलेलं वाहन टो करून हलवण्याचा अधिकार पोलिसांना आहे, आणि टोईंगचा खर्च मालकावर पडतो. पण हे कलम ‘सार्वजनिक जागे’पुरतं आहे, आणि त्याच अधिनियमात सार्वजनिक जागा म्हणजे जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी जागा. सोसायटीच्या कंपाउंडमध्ये बाहेरचा माणूस हक्काने येत नाही, वॉचमनने सोडलं तर येतो. विम्याच्या दाव्यांत न्यायालयांनी या शब्दांचा अर्थ बराच सैल घेतला आहे हे खरं, पण म्हणून ट्रॅफिक पोलिसांची क्रेन खासगी आवारात शिरत नाही.

पोलिसांकडे आणखी दोन दारं असतात. पहिलं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०६: चोरीची असल्याचा संशय असलेली किंवा गुन्ह्याचा संशय यावा अशा स्थितीत मिळालेली मालमत्ता जप्त करणं. पूर्वीच्या दंड प्रक्रिया संहितेतलं १०२ ते हेच. इथे तसा संशय नव्हता. दुसरं, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ८२, ज्याखाली बेवारस मालमत्ता तात्पुरत्या ताब्यात घेणं हे पोलिसांचं कर्तव्यच ठरवलं आहे. पुढच्या कलमांत जाहीरनामा काढणं, दावा सांगायला सहा महिने देणं आणि कोणी न आल्यास मालमत्तेची विल्हेवाट लावणं असा क्रम आहे. पोलिस ठाण्यांच्या आवारातल्या गंजलेल्या दुचाकींचे लिलाव निघतात ते बहुधा याच वाटेने. पण पोलिसांच्या दृष्टीने जिचा नोंदणीकृत मालक संगणकावर दिसतो ती गाडी ‘बेवारस’ नाही. त्यात ठाण्यांची आवारं आधीच भरलेली. म्हणून हे दार उघडायचं असेल, तर मालकाने गाडीवर पाणी सोडलं आहे किंवा तो कुठेच सापडत नाही, हे आधी कागदावर दाखवावं लागतं. अर्जाच्या शेवटी ‘तरी गाडी उचलावी ही विनंती’ एवढंच लिहून ते होत नाही.

त्यामुळे सोसायटीचं खरं काम इथून सुरू झालं. गाडी हलवायला अर्धा तास आणि गाडी वाहून नेणारा एक फ्लॅटबेड ट्रक पुरतो. हलवायला ‘हो’ म्हणणारी कायदेशीर सही मिळवायला महिने जातात.

सही कोणाची, हे आधी ठरवायचं होतं. सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकल्यावर मालकाचं नाव अर्धं झाकलेलं दिसलं, पण बाकी बरंच कळलं. नोंदणी ठाणे आरटीओची, २००९ सालची. विमा काही वर्षांपूर्वी संपलेला. नोंदणीची १५ वर्षांची मुदत २०२४ मध्ये संपलेली. आणि एका बँकेचं हायपोथिकेशन, म्हणजे कर्जाचा बोजा, अजून चढलेलंच. या शेवटच्या दोन गोष्टींनी पुढचा सगळा रस्ता ठरवला. त्याकडे येतोच.

गाडी आणली होती एका सभासदाच्या भाडेकरूने. तो घर सोडून गेला, गाडी राहिली. सभासद पुण्यातच दुसरीकडे राहत होते. त्यांचं पहिलं उत्तर: “गाडी माझी नाही, मी कशाला बघू?” गाडी त्यांची नव्हती हे खरं. पण जागा त्यांना दिलेली होती आणि भाडेकरू त्यांचा होता. उपविधींनुसार सोसायटीचा व्यवहार सभासदाशी असतो, त्याच्या भाडेकरूशी नाही. सचिवांनी वाद घातला नाही, एकच कागद मागितला: लिव्ह अँड लायसन्सचा करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. त्यामुळे बहुतेक वेळा तो असतो, आणि त्यात भाडेकरूचा कायमचा पत्ता असतो. बेवारस गाडीच्या प्रकरणात सोसायटीच्या कपाटातला सगळ्यात मोलाचा कागद बहुधा हाच.

पत्ता मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा निघाला. वकिलांनी तिथे नोटीस पाठवली. त्याआधी कमिटीने गाडीचा पंचनामा केला. सोसायटीच्या पंचनाम्याला पोलिसांच्या पंचनाम्याचं वजन नसतं, पण पुढे ‘गाडीत माझा लॅपटॉप होता’ असं कोणी म्हणालं, तर उत्तर तेवढंच असतं. चारही बाजूंचे फोटो, काचेतून दिसणाऱ्या वस्तूंची यादी, कुठली काच फुटलेली, कुठलं दार लॉक, स्टेपनी दिसते की नाही, आणि बाहेरच्या दोन साक्षीदारांच्या सह्या. कुलूप तोडलं नाही, बॉनेट उघडलं नाही. बंपर आणि टायरमधलं पाणी काढलं, औषध मारलं, वर ताडपत्री बांधली आणि तसं महापालिकेला लेखी कळवलं. डासांची नोटीस गाडीच्या मालकीचा निकाल लागेपर्यंत थांबत नाही, आणि आरोग्यासाठी एवढं करायला मालकाची परवानगी लागत नाही.

नोटिशीची एक प्रत काचेवर चिकटवली, एक नोटीस बोर्डावर लावली, दोन्हींचे तारीख दिसेल असे फोटो काढले. रजिस्टर्ड पोस्ट सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. आता ज्या नोटिशीला ‘आरपीएडी’ म्हणायची सवय आहे ती स्पीड पोस्टने, नोंदणी आणि पोचपावतीसह पाठवायची, एवढाच फरक. एक छोटी गोष्ट वकील नेहमी सांगतात आणि लोक विसरतात: पाकीट ‘पत्ता सोडून गेले’ किंवा ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलं, तर ते फोडायचं नाही. बंद पाकीटच पुरावा असतो.

इथे पाकीट परत आलं नाही. भाडेकरूच्या वडिलांनी सही करून घेतलं आणि दोन दिवसांनी मुलाचा बंगळुरूहून फोन आला. त्याची बाजू अगदी नेहमीची होती. ठाणे शहरातल्या एका गृहस्थांकडून गाडी सेकंडहँड घेतली, पैसे दिले, त्यांनी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या, डिलिव्हरी नोट झाली. नावावर करायची राहिली. मग इंजिन बसलं, दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या किमतीपेक्षा जास्त निघाला, नोकरी बदलली. “दादा, मला गाडी नकोय. तुम्ही काहीही करा तिचं.”

या ‘काहीही करा’ला कायद्यात फारशी किंमत नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या दृष्टीने मालक तोच, ज्याच्या नावाने नोंदणी आहे. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने, दोघे एकाच राज्यातले असतील तर, १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. दोघांनीही कळवलं नव्हतं. अशा हस्तांतर न झालेल्या गाडीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे: गाडी पुढे कितीही हातांतून गेली असली, तरी नोंदवहीत ज्याचं नाव आहे तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. गाडी विकून झाली, विषय संपला असं समजून स्वस्थ बसलेल्या प्रत्येकाने हा निकाल एकदा वाचायला हवा.

आता आधीच्या दोन गोष्टी. कोणालाही वाटेल, गाडी आधी भाडेकरूच्या नावावर करू आणि मग त्याच्या सहीने मोडीत काढू. ते शक्य नव्हतं. नोंदणीची मुदत संपलेली होती. ती वाढवायची तर गाडी तपासणीला न्यावी लागते आणि ती रस्त्यावर चालण्याच्या लायकीची ठरावी लागते. जी गाडी स्वतःच्या चाकांवर गेटपर्यंत जाऊ शकत नाही, ती कुठली पास होणार? नूतनीकरण नाही म्हणून हस्तांतर नाही. वर बँकेचा बोजा, ज्याच्यामुळे ना हस्तांतर पुढे सरकतं ना मोडीत काढणं. म्हणजे भाडेकरू बाजूला पडला आणि दोनच सह्या उरल्या: ठाण्यातल्या नोंदणीकृत मालकाची आणि बँकेची.

भाडेकरूने आरसीचा फोटो पाठवला, त्यावर पत्ता होता. मालक निवृत्त गृहस्थ होते, आणि फोनवर चिडले. “अहो, गाडी मी केव्हाच विकली. पैसे घेतले, किल्ल्या दिल्या. आता माझा काय संबंध?”

“काका, तुमच्या दृष्टीने नाही,” सचिव म्हणाले, “पण आरटीओच्या वहीत ती अजून तुमचीच आहे. ही गाडी उद्या कोणी चोरून नेली आणि कुठे ठोकली, तर समन्स तुमच्या दारात येईल.”

हे घाबरवण्यासाठी म्हटलं असलं, तरी खोटं नव्हतं. बेवारस गाडीत सगळ्यात मोठी जोखीम जागामालकाची नसते, त्या विसरलेल्या नोंदणीकृत मालकाची असते. हे त्याला नीट समजावून सांगितलं, की तो बहुधा स्वतःहून पुढे येतो. माझ्या मते नोटिशीतली सगळ्यात कामाची वाक्यं हीच असतात. जागेचं भाडं आणि दंडाच्या धमक्या पहिल्या पानावर भरल्या, तर समोरचा वकील लावतो आणि प्रकरण वर्षभर लांबतं. इथे पहिल्या नोटिशीत पैशांचा मुद्दा एका ओळीत होता, बाकी सगळा भर नोंदणी, जबाबदारी आणि पुढे काय करता येईल यावर होता. काका चार दिवसांनी मुलाला घेऊन पिंपरीला आले.

कर्ज त्यांनी कधीच फेडलं होतं, पण एचपी, म्हणजे हायपोथिकेशन, उतरवली नव्हती. हे इतकं सर्रास होतं, की दहा-पंधरा वर्षं जुन्या गाड्यांत बोजा चढलेलाच असेल असं धरून चालावं. बँकेची ती शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झाली होती. कर्ज खात्याचा उतारा काढून ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ मिळवायला या प्रकरणातला सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि त्यात सांगण्यासारखं काहीही नाही. फेऱ्या, फक्त फेऱ्या.

पुढची पायरी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राची. केंद्र सरकारचे वाहन मोडीत काढण्याच्या केंद्रांबद्दलचे नियम सप्टेंबर २०२१ चे आहेत. अशा केंद्राला मालकाची ओळख, आरसी, बोजा नसल्याचा पुरावा लागतो, आणि गाडी चोरीची किंवा पोलिसांच्या नोंदीत अडकलेली नाही हे केंद्राने वाहन प्रणाली आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीशी ताडून पाहायचं असतं. ‘बेवारस’ हा शब्द या नियमांतही आहे, पण तिथे तो शासकीय अंमलबजावणी यंत्रणेने ताब्यात घेतलेल्या किंवा लिलावात काढलेल्या गाड्यांसाठी. एखादी सोसायटी किंवा प्लॉटमालक स्वतःहून ‘ही बेवारस आहे, घ्या’ म्हणून गाडी देऊ शकत नाही. म्हणजे दोनच वाटा उरतात: मालकाची सही, किंवा सरकारी ताबा.

काकांनी सही केली. त्याआधी एक छोटा तिहेरी करार झाला, ५०० रुपयांच्या मुद्रांकावर. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून किमान मुद्रांक तेवढाच लागतो, १०० चे कागद इतिहासजमा झाले. भाडेकरूने लिहून दिलं की गाडीवर आणि आतल्या वस्तूंवर त्याचा काही दावा नाही. काकांनी लिहून दिलं की ते नोंदणीकृत मालक म्हणून गाडी मोडीत देत आहेत. सोसायटीने लिहून दिलं की गाडी आवारातून नेण्यास हरकत नाही. भंगाराच्या पैशांचं काय करायचं हेही त्यातच ठरलं. ते आधी ठरवावंच लागतं, कारण गाडी कोणालाच नको असते आणि पैसे सगळ्यांना हवे असतात. स्क्रॅप धोरणात सरकारने भंगाराची किंमत नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या साधारण चार ते सहा टक्के धरली होती. छोट्या गाडीला म्हणजे काही हजारांत, आणि सुट्या भागांची अवस्था पाहून त्याहूनही कमी. पैसे नोंदणीकृत मालकाच्या खात्यात जमा होतात. काकांनी ते भाडेकरूला द्यायचे, भाडेकरूने त्यातून नोटिशीचा आणि फवारणीचा खर्च सोसायटीला द्यायचा, असं ठरलं.

केंद्राचीच फ्लॅटबेड आली. दारं काकांकडे राहून गेलेल्या एका जुन्या किल्लीने, सगळ्यांसमोर उघडली. आत एक छत्री, लहान मुलाची एक चप्पल आणि डॅशबोर्डमध्ये मूळ विमा पॉलिसी निघाली. वस्तूंची यादी करून त्यावर सह्या घेतल्या. केंद्राने काकांच्या नावाने ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी मोडीत जमा केल्याचा दाखला, दिलं. नवी गाडी घेताना त्यावर नोंदणी शुल्क माफ होतं आणि रस्ता करात सवलत मिळते. केंद्रीय नियमांत खासगी गाडीसाठी ही सवलत २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, प्रत्यक्ष दर राज्यागणिक वेगळा. हे प्रमाणपत्र दुसऱ्याला देताही येतं. काकांनी ते मुलासाठी ठेवलं. ज्या गाडीचं नाव काढलं तरी ते चिडत होते, त्या गाडीने शेवटी त्यांचं थोडंफार भलंच केलं. चॅसी क्रमांकाचा तुकडा कापून केंद्राने जतन करायचा असतो. गाडी मोडल्याचं अंतिम प्रमाणपत्र वेगळं येतं, आणि नोंदणी रद्द झाल्याचं वाहन प्रणालीवर दिसेपर्यंत फाइल बंद करायची नाही. सचिवांनी तो स्क्रीनशॉटही फाइलला लावला.

काका सापडले नसते तर? प्रश्न रास्त आहे, कारण बऱ्याच प्रकरणांत मालक वारलेला असतो किंवा पत्ता मेलेला असतो.

मालक वारला असेल तर वारसांना शोधायचं. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकी वारसांच्या ना-हरकती असल्या, की त्यांच्याकडून तीच प्रक्रिया होते, फक्त कागद वाढतात. वारसांत भांडण असेल तर सोसायटीने त्यात पडू नये. सगळ्यांना एकच नोटीस काढावी आणि न्यायालयात जावं. बोजा खरंच शिल्लक असेल, कर्ज थकलेलं असेल, तर बँकेला कळवणं हा उत्तम मार्ग. गाडी नेण्याचा अधिकार तिला करारानेच असतो, आणि ती स्वतःच्या खर्चाने येते.

कोणीच सापडलं नाही तर परत आलेली बंद पाकिटं, मराठी दैनिकातली जाहीर नोटीस, पंचनामा आणि पोलिसांची पोच हा गठ्ठा घेऊन पोलिसांकडे पुन्हा जायचं आणि कलम ८२ खाली ताबा घेण्याची मागणी लेखी करायची, यावेळी वरिष्ठ निरीक्षकांच्या नावाने. याच वेळी पहिल्या अर्जाची तारीख कामाला येते. तरीही नकार आला, तर दिवाणी न्यायालय: विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३९ खाली गाडी हटवण्याचा आदेशात्मक मनाई हुकूम, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम ६ खाली, दावा चालू असतानाच नासत चाललेल्या जंगम वस्तूची विक्री करण्याची परवानगी. न्यायालयाच्या आदेशाने झालेल्या विक्रीला आरटीओ आणि स्क्रॅपिंग केंद्र दोघंही मान देतात. मुदतीची काळजी फारशी नाही: जागेवरचं अतिक्रमण रोज चालू असतं, म्हणून ते चालू राहणारं दुष्कृत्य धरलं जातं आणि मुदत कायद्याच्या कलम २२ प्रमाणे मुदत दररोज नव्याने सुरू होते. गाडी सभासदाचीच असेल तर वाट बदलते. सोसायटी आणि सभासद यांच्यातला वाद सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो. सोसायटी नसलेल्या मोकळ्या प्लॉटवर कोणीतरी गाडी आणून टाकली असेल, तर तिथे सभासद, करार, वॉचमनचं रजिस्टर यातलं काहीच नसतं. पोलिसांचा अर्ज आणि दिवाणी दावा एवढीच दोन हत्यारं.

गॅरेजवाल्यांचा प्रश्न मात्र वेगळा. दुरुस्तीला दिलेली आणि परत न नेलेली गाडी त्यांच्याकडे ठेव म्हणून असते, आणि दुरुस्तीच्या बिलापोटी ती अडवून ठेवण्याचा हक्क त्यांना करार अधिनियमाच्या कलम १७० ने मिळतो. विकण्याचा नाही.

राहिला तो सभासद. गाडी गेल्यावर तो म्हणाला, जागा आता माझ्या नव्या भाडेकरूला द्या. कमिटीचं म्हणणं, आधी इतक्या महिन्यांचं पार्किंग शुल्क भरा. उघड्यावरची आणि स्टिल्टमधली जागा बिल्डरने स्वतंत्रपणे विकण्याची वस्तू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात सांगितलेलं आहे. त्यामुळे ‘जागा मी विकत घेतली आहे’ हा सभासदाचा मुद्दा टिकला नाही. पण कमिटीने आकारलेली दंडाची रक्कमही टिकली नाही, कारण तिला सर्वसाधारण सभेचा ठराव नव्हता. नेहमीच्या दराने शुल्क मागता येतं, मनाने ठरवलेला दंड नाही. पुढच्या वार्षिक सभेत ठराव झाला: भाडेकरूच्या गाडीसाठी आरसी आणि विम्याची प्रत दिल्याशिवाय स्टिकर नाही, आरसी दुसऱ्याच्या नावावर असेल तर हस्तांतर होईपर्यंत तात्पुरता पासच, आणि घर सोडताना गाडी नेल्याची वॉचमनची नोंद झाल्याशिवाय सोसायटीची ना-हरकत नाही. नेहमीच्या दराची थकबाकी सभासदाने अजून भरलेली नाही. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ खाली वसुली दाखल्यासाठी सोसायटीचा अर्ज उपनिबंधकांकडे गेला आहे.